तुटक्या चिक्कीची पिशवी

रोशनबीला शुगर निघाली तेव्हा तुंगार्लीच्या डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, "टेन्शन वाढलं की मेंदू गोड मागतो. दिलं की खूश होतो, आणि पुढच्या वेळी त्याला जास्त लागतं." त्या दिवसापासून सहा महिने तिने मेंदूचे लाड बंद केले. ईदचा शीरखुर्मा स्वतःच्या हाताने ढवळला, पण चमचासुद्धा चाटला नाही.

तिचा नवरा उमर लोणावळ्यात चिक्कीच्या कारखान्यात वीस वर्षं गुळाचा पाक करत होता. तिथे नव्या कामगाराला पहिला आठवडाभर हवी तेवढी चिक्की खाऊ देतात. मग तो जन्मात पुन्हा तिला तोंड लावत नाही, असं म्हणतात.

"मला तर तिचा वासही नकोसा होतो," उमर सांगायचा. रोशनबीचा हात साखरेच्या डब्याकडे गेला की म्हणायचा, "मनावर ताबा ठेव जरा. माझ्याकडे बघ." आणि ती खरंच त्याच्याकडे बघून डबा जागेवर ठेवायची.

परवा तिचा रिपोर्ट नॉर्मल आला. त्याला दाखवायला ती कधी नव्हे ती कारखान्यावर गेली. उमर गूळ आणायला बाजारात गेला होता, म्हणून तिने रिपोर्ट शेठनाच दाखवला.

शेठनी कागद दोनदा वाचला.



"कमाल आहे भाभी. उमरभाई तर रोज तुमच्यासाठी तुटक्या चिक्कीची पिशवी भरून नेतात. म्हणतात, बायकोचा मनावर ताबाच नाही."