फॉन्ट पाठवायचा राहिला

"सर, जयभीम. फॉन्ट पाठवायचा राहिला बघा," फोनवर महामाया म्हणाली. "तुमच्या पडद्यावर नवरीचं नाव असंल. आमच्या प्रिंटरवर नुसते किडे-मुंग्या यायलेत."

"जयभीम मॅडम. राहिलाच की," आनंदराज म्हणाला. "आत्ता पाठवतो."

राहिला नव्हता. मुद्दाम ठेवला होता.

अहमदपूरच्या बसस्टँडसमोर त्याचं डीटीपीचं दुकान. लग्नपत्रिका तो इथं मांडायचा, छपाई लातूरच्या प्रेसमध्ये व्हायची, आणि तिथल्या कॉम्प्युटरवर महामाया बसायची. इकडच्या पडद्यावरचं अक्षर तिकडच्या कागदावर जसंच्या तसं उतरायचं, तर तोच फॉन्ट तिच्याकडेही लागायचा. लातूरच्या बाजारातून घेतलेल्या एका जुन्या सीडीत आनंदराजकडे एक ते तीनशे नंबरांचे फॉन्ट होते. दर पत्रिकेला तो नवा वापरायचा आणि पाठवायला विसरायचा. मग अकराच्या सुमारास फोन यायचा.

गिऱ्हाइकं म्हणायची, "सर, तुमची एक पत्रिका दुसरीसारखी न्हाई." मांजर डोळे मिटून दूध पीत होतं.

बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. दिवसभर दुसऱ्यांची लग्नं मांडून तो घरी एकटाच जेवायचा. महामायाला त्यानं पाहिलं नव्हतं. नवऱ्याचं घर सोडून ती आईजवळ राहते आणि चहात आलं लई घालते, एवढं मात्र फॉन्टच्या निमित्तानं कळलं होतं. तिचा पहिला फोन दोन वर्षांपूर्वी सोळा ऑक्टोबरला आला. त्याच सकाळी तो नागपूरहून, दीक्षाभूमीवरून परतला होता, म्हणून तारीख पक्की ध्यानात. चाळिशी ओलांडलेला माणूस, पण तिचा फोन वाजला की शर्ट नीट करायचा.

एकदा ती म्हणाली होती, "हा सत्त्याऐंशी नंबरचा दिसायलाय." होताही सत्त्याऐंशीच. किडे-मुंग्यांतूनही तिनं ओळखला. बाईची नजर तयार आहे, असं त्याला वाटलं.

आज मात्र तिनं लगेच फोन ठेवला नाही.

"सर, मालक म्हणायलेत, एक तारखेपासून फक्त पीडीएफ घ्यायची. अक्षरं फाइलीतच चिकटून येतेत. फॉन्टची कटकट न्हाई."

"बरं झालं," आनंदराज म्हणाला.

"हाव. बरंच झालं."

फोन बंद झाल्यावर तो पत्रिकेतली एकच ओळ पुन्हापुन्हा वाचत बसला. आता तिचा फोन यायला कारणच उरणार नव्हतं, आणि त्याला फार वाईट वाटलं.

तीस तारखेला दुकानाला कुलूप घालून त्यानं लातूरची एसटी धरली. खिशात पेनड्राइव्ह होता, त्यात तीनशेच्या तीनशे फॉन्ट. रिकाम्या हातानं जाववत नव्हतं, आणि फुलं न्यायचं वय गेलं असं त्याचं मत.

प्रेसमध्ये चष्मा लावलेली एक बाई कॉम्प्युटरपुढे बसली होती. "जयभीम मॅडम," एवढंच तो म्हणाला, आणि ती उठून उभी राहिली.

"सर? कशाला तरास घेतलाव?"

"सगळेच फॉन्ट घालून देतो. जुनं काम निघालं तर अडायला नको." बोलायचं होतं ते दुसरंच, पण जीभ रेटेना.

"राहू द्या की," ती घाईनं म्हणाली. "आधी चहा घ्या. मी घालते मागून."

"दोन मिनिटांचं काम हाय."

तो तिच्या खुर्चीत बसला. आजवर पाठवलेले साठ-सत्तर त्यानं वगळले. तिनं कधी न पाहिलेले तेवढे निवडले आणि बटण दाबलं.

पडद्यावर चौकट उघडली: हा फॉन्ट आधीच इन्स्टॉल आहे. बदलायचा का? त्यानं 'नाही'वर टिचकी मारली. दुसरी चौकट आली. तेच. तिसरी. तेच.

मागं महामाया चष्मा काढून पुसायला लागली.

त्यानं फॉन्टचा फोल्डर उघडला. पहिल्यापासून तीनशेव्यापर्यंत सगळे ओळीनं बसलेले होते, आणि प्रत्येकापुढं इन्स्टॉल केल्याची तारीख एकच होती: दोन वर्षांपूर्वीची, सतरा ऑक्टोबर.