मधला कप्पा

"बाबा, तुमची निम्मी जागा मला देता का?"

विचारलं एकदाचं! भिंगरीचे कान तापले. मैत्रिणींची पैजच तशी होती. आईला मध्ये न घालता बाबांकडे काहीतरी थेट मागून दाखव, नाहीतर आठवडाभर आमची दप्तरं उचल. शाळेत भिंगरी म्हणजे तोफ. वक्तृत्वाचा कप नुकताच घरी आणला होता. पण बाबांसमोर या तोफेची फुलबाजी व्हायची.

बाबांनी वर्तमानपत्र खाली केलं. भिंगरीकडे पाहिलं. मग आईकडे वळून म्हणाले, "काय म्हणतेय ही?"

या घरात हे असंच चालायचं. बाबा आणि भिंगरी एकाच टेबलाशी जेवायला बसत, पण मीठ जायचं ते आईच्या हातून. "तिला सांग, स्वेटर घाल." "बाबांना सांग, घातलाय." भांडण वगैरे काही नव्हतं हो. सवय, दुसरं काय!

"कॉम्प्युटरमधली जागा मागतेय," आई फ्रॉकचा काठ शिवता शिवता म्हणाली. "हिच्या आणि मैत्रिणींच्या फिल्मसाठी. सोमवारी शाळेत द्यायचीय, आणि हिचा कप्पा गच्च भरलाय."

कॉम्प्युटर घरात आला तेव्हा बाबांनीच हार्ड डिस्कवर तिघांचे तीन कप्पे पाडले होते. पहिला भिंगरीचा, मधला आईचा, शेवटचा बाबांचा. बाबांचा सगळ्यांत मोठा, आणि त्यात काय, तर मूठभर जुनी गाणी. बाकी मैदान. क्रिकेट खेळा!

"घे म्हणावं," बाबा आईला म्हणाले. "पण माझ्या गाण्यांना धक्का लावू नको म्हणावं."

जिंकली! भिंगरीने खुर्ची ओढली आणि स्क्रीनवर आखणी सुरू केली. बाबांचा कप्पा अलीकडून आखूड केला. रिकामी जागा दिसू लागली. आता आपला कप्पा ताणायचा, की झालं. तिने ताणला. ढिम्म हलेना. जागा होती, पण लागून नव्हती. मध्ये आई होती. आधी आईचा अख्खा कप्पा उचलून पलीकडे सरकवायचा, तेव्हा कुठे बाबांची जागा भिंगरीपर्यंत पोचणार. तिने तसं आखलं, तर लाल अक्षरांत सूचना आली. सरकवताना वीज गेली, तर या कप्प्यातलं सगळं जाऊ शकतं.

भिंगरीने पहिल्यांदाच मधल्या कप्प्यात डोकावून पाहिलं. आईच्या शिवणवर्गाचे सगळे नमुने तिथे होते. वर्षानुवर्षं काढलेले, एकावर एक रचलेले. कप्पा भिंगरीच्या कप्प्याहूनही जास्त भरलेला. आईने मात्र कधी कुणाकडे जागा मागितली नव्हती.

"आई, हे काय गं?" भिंगरी म्हणाली. "देणार बाबा, घेणार मी, आणि गेलं तर तुझं जाणार!"

आईने दाताने दोरा तोडला. "सरकव गं. मला सवय आहे."

बाबा हसले. आणि हसता हसता मध्येच थांबले.

भिंगरीचं बोट माउसवर तसंच राहिलं. मग तिने सगळी आखणी रद्द केली आणि पहिल्यापासून मांडली. बाबांचा कप्पा आता पार पलीकडच्या टोकाने कापला. तिथे एक नवा कप्पा पाडला, आईच्या कप्प्याच्या दुप्पट. आधी नमुन्यांची तिकडे नक्कल करायची, एकेक उघडून बघायचा, आणि मगच जुना कप्पा पुसायचा. ती जुनी जागा भिंगरीला अगदी लागून. फिल्म मावेल, जरा अंग चोरून का होईना.

"काय ठरलं तिचं?" बाबांनी आईला विचारलं.

आईने दोन टाचण्या ओठांत धरल्या आणि मान फ्रॉकवर वाकवली.

भिंगरी खुर्चीवरून उठली. कप घेताना उभी राहिली होती तश्शी, ताठ.

"ठरलं असं, की आई मधून निघतेय. ती आता कडेला, ऐसपैस जागेत. तुमच्या शेजारी मी आलेय, बाबा. तेव्हा यापुढे स्वेटरचं जे काय असेल, ते मला सांगायचं."