फ्रिजवरची निळी वही

सुनेची वही वाचणं बरं नव्हे, हे वेलांटीमास्तरांना कळत होतं. म्हणून त्यांनी आधी चष्मा पुसला, घरात कोणी नाही याची खात्री करून घेतली आणि मगच फ्रिजवरची निळी वही खाली काढली.

छापखान्यात छत्तीस वर्षं त्यांनी मुद्रितं तपासली होती. वेलांटी चुकलेली दिसली की त्यांच्या पोटात दुखायचं, त्यावरूनच हे नाव पडलं होतं. निवृत्त झाले तरी कानावरची लाल पेन्सिल काही उतरली नव्हती. सकाळचा पेपर असो की औषधाच्या डबीतला कागद, त्यांच्या तावडीतून काही सुटत नसे. घरातलं सगळं लिखाणही त्यांच्याकडेच. मुलाच्या शाळेचा अर्ज असो की दूधवाल्याला चिठ्ठी, मजकूर मास्तरांचा. गरज पडलीच तर बायको नुसती सही करायची.

गेल्या महिन्यात सुनेच्या ऑफिसात कोणी बाई येऊन सांगून गेल्या होत्या, की रोज छोट्या छोट्या गोष्टींचे आभार मानून ते लिहून ठेवावेत, मन हलकं होतं. सून वह्यांचा गठ्ठाच घेऊन घरी आली.

"सगळ्यांनी लिहायचं हं," ती म्हणाली.

"आभार मानायला वही कशाला? मनात मानावेत," असं म्हणून मास्तरांनी पेपरात डोकं घातलं. मुलगा फोनमध्ये होता. बायको ताटं उचलत होती. विषय तिथेच संपला होता.

आता या वहीत लिहिलं होतं, 'आज ऊन छान पडलं, कपडे लवकर वाळले. आभार.' अक्षर गोलसर आणि वळणदार. हल्लीच्या मुली नुसती फोनवर बोटं नाचवतात, तरी हिचं अक्षर बघा, असं मास्तरांना कौतुक वाटलं. खाली होतं, 'काल रात्री यांचं घोरणं दोनदाच थांबवावं लागलं. आभार.'

मास्तरांना हसू फुटलं. चिरंजीव घोरतात तर! आणि तोंडाने नवऱ्याला 'अरे गाढवा' म्हणणारी सून वहीत मात्र 'यांचं' लिहिते. संस्कार लपत नाहीत! तेवढ्यात एका शब्दावर अनुस्वार राहिलेला दिसला. हात शिवशिवला. त्यांनी बारीकसा लाल ठिपका दिला आणि वही होती तशी ठेवली.

चार दिवसांनी मात्र त्यांचं हसू मावळलं. 'आज जेवताना यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं. आभार.'

लग्नाला जेमतेम दोन वर्षं, आणि ही पाळी? त्यांनी मुलाला स्वयंपाकघरातच गाठलं.

"तू घोरतोस म्हणे."

"मी? कोण म्हणतं?"

"ते सोड. जेवताना तो फोन बाजूला ठेवत जा. बायकोकडे बघावं माणसानं."

"बघतो की, बाबा."

"काय बघतोस! आमच्याकडे बघ. एक्केचाळीस वर्षांत तुझ्या आईची एक तरी तक्रार ऐकलीस?"

मुलाने आईकडे पाहिलं. आई ओट्याशी पाठमोरी उभी राहून कप विसळत होती.

"नाही ऐकली," मुलगा म्हणाला.

पुढच्या आठवड्यात मास्तरांच्या पायाखालची जमीन सरकली. 'यांच्याबरोबर बागेपर्यंत चालत जावंसं वाटलं. अजून वाटतं, हेही नसे थोडके. आभार.'

म्हणजे पोरीच्या मनात आशा होती, पण ती आता चिमूटभरच उरली होती. मुलाचा संसार डोळ्यांदेखत मोडताना बघायचा? मास्तरांना खरंच भीती वाटली. त्याच संध्याकाळी त्यांनी दोघांना अक्षरशः घराबाहेर काढलं. "बागेत जा. तासभर तरी येऊ नका."

बायको खिडकीत उभी राहून, दोघं कोपऱ्यावर वळेपर्यंत बघत राहिली.

"छान दिसतात नाही, बरोबर जाताना?" ती म्हणाली.

"हं," मास्तर म्हणाले. पेपराचं शेवटचं पान तपासायचं राहिलं होतं. ती येऊन सोफ्यावर बसली. दिवेलागण झाली, तेव्हा तिनेच उठून दिवा लावला.

दुसऱ्या दिवशी वहीत होतं, 'काल संध्याकाळी निवांत दोघंच होतो. बोलणं काही झालं नाही, पण शेजारी शेजारी बसलो. आभार.'

मास्तरांचा पारा चढला. त्या तिरीमिरीत त्यांनी दोन ऱ्हस्व-दीर्घ इतके जोरात सुधारले की पेन्सिलीचं टोक मोडलं. संध्याकाळी मुलगा दारात चपला काढतोय तोच त्यांनी त्याला धरलं.

"बागेत नेलंस आणि तिथे तोंडात मिठाची गुळणी धरून बसलास?"

"अहो बाबा, तासभर नुसती बडबड चालली होती आमची! हसून हसून तिला ठसका लागला."

"थापा मारू नकोस. माझ्याकडे लेखी पुरावा आहे!"

बायकोने चहाचा कप आणून मास्तरांच्या हातात दिला. "साखर बरोबर आहे ना?"

"हं. अगं, तूच सांग याला काहीतरी. बायकोच्या मनात काय चाललंय हे नवऱ्याला कळू नये, म्हणजे कमालच झाली!"

"कमालच आहे," बायको म्हणाली. आणि का कोण जाणे, पदर तोंडाला लावून आत निघून गेली.

सकाळी मुलगा-सून कामावर गेली, बायको भाजी आणायला बाहेर पडली. मास्तरांनी पेन्सिलीला नवं टोक काढलं आणि वही उघडली. आजचा मजकूर चारच ओळींचा होता, आणि छत्तीस वर्षांच्या नजरेलाही त्यात एक चूक सापडली नाही.

'लग्नाला एक्केचाळीस वर्षं झाली.
मी लिहिलेलं यांनी पहिल्यांदाच वाचलं.
चुकासुद्धा काढल्या.
आभार.'