नमुन्याची सही

"माह्यं खातं थांबवा, साहेब. आत्ताच्या आत्ता. कोणीबी आलं तरी पैसा देऊ नोका."

रुपराव सोमकुवर खिडकीच्या जाळीला नाक लावून बोलत होता. कोराडीच्या वीज केंद्रात कोळशाच्या पट्ट्यावर नोकरी, त्यामुळे हळू बोलायची सवयच राहिली नव्हती. बाकावर टोकन धरून बसलेली चार माणसं वळून बघायला लागली.

"काय झालं?" काउंटरवरच्या बाबूने विचारलं.

"पासबुक गेलं. पेटीतून. पेटीले कुलूप, अन् कुलपाची किल्ली घरातच. आता समजून घ्या."

बाबूला काही समजलं नाही, पण रुपरावला सगळं समजलं होतं. चार दिवसांपासून मेहुणा लहानू नंदनवन वस्तीतल्या घरी मुक्काम ठोकून होता. त्याला ऑटोरिक्षा घ्यायची होती. काल संध्याकाळी रुपरावने दारात पाऊल टाकलं आणि बहीणभावाचं बोलणं गपकन थांबलं. वर प्रेमिलाने न मागता चहा आणून दिला. चौदा वर्षांच्या संसारात न मागता चहा! रुपरावने जेवणाआधीच पेटी उघडून पाहिली. बायकोला मात्र एका शब्दाने विचारलं नाही. विचारलं की चोर सावध होतो, एवढी अक्कल त्याला होती. सकाळी डबा घेऊन ड्युटीला म्हणून निघाला, तो बस सोडून थेट बँकेत.

बाबूने कोरा कागद पुढे सरकवला. "अर्ज लिहा. खाली सही."

रुपरावने ऐटीत सही ठोकली. रोज मस्टरवर करतो तीच, शेवटी शेपूट फिरवलेली. बाबूने कपाटातून नमुन्याच्या सहीचं कार्ड काढलं आणि अर्जाशेजारी ठेवलं. एकदा अर्ज बघितला, एकदा कार्ड, मग चष्म्यावरून रुपरावला.

"ही सही तुमची नाही."

"माही नाही त कोनाची? तुमच्यापुढंच केली ना!"

"तेच म्हणतो मी. खातेदाराची सही वेगळी आहे. नऊ वर्षं मी तीच पास करतोय. तुम्ही कोण?"

दारावरचा बंदूकवाला चौकीदार तंबाखू थुंकून आत येऊन उभा राहिला.

"चोर सोडून संन्याशाले फाशी देऊन राहिले तुम्ही!" रुपराव म्हणाला, पण आवाजातला जोर गेला होता. त्याने खिशातून केंद्राचा गेटपास काढला.

"फोटो असेल तुमचा. खातं फोटोवर चालत नाही, सहीवर चालतं." बाबूने कार्ड जाळीपाशी धरलं, हाताला लागणार नाही अशा बेताने.

नाव त्याचंच होतं. अक्षर गोल, नेटकं, घाई नसलेलं. हे अक्षर त्याने किराण्याच्या यादीवर कितीदा पाहिलं होतं! मग आठवलं. पगार बँकेत जमा व्हायला लागला, तेव्हा खात्याचे कागद घरी आणले होते. पाळीवरून येऊन तो आडवा झाला होता. "तूच टाक वं माह्यं नाव," असं म्हणून त्याने कूस बदलली होती. प्रेमिलाने टाकलं. तेव्हापासून पैसे काढायच्या चिठ्ठीवर दर महिन्याला तीच त्याचं नाव टाकत होती, आणि नोटा आणून मुकाट्याने त्याच्या हातात देत होती. रुपरावला स्वतःची लाज वाटली. पाठोपाठ भीतीही वाटली. खरं सांगावं, तर या लोकांच्या लेखी बायकोच चोर ठरणार.

"ओळखता का ही सही?"

"माहीच हाय. आज हात हलून राहिला."

"मग परत करा."

रुपरावने जीभ दातांत धरली आणि बायकोच्या अक्षरात स्वतःचं नाव लिहायला घेतलं. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेपूट काही केल्या आवरत नव्हतं. तिसऱ्या खेपेला कागद घामाने ओला झाला. बाकावरचं कोणीतरी फिसकन हसलं.

बाबूने कागद काढून घेतला. टेबलावरच्या पासबुकांच्या चळतीतून एक उचललं, नाव वाचलं आणि परत ठेवलं.

"पासबुक चोरीला-बिरीला गेलेलं नाही. सोमकुवरबाई काल एंट्रीला टाकून गेल्या. दोन वाजता न्यायला येतील. तोवर बसा तिथं."

चौकीदाराने बाकावर जागा करून दिली आणि तो शेजारीच उभा राहिला. रुपराव डबा मांडीवर घेऊन बसला.

"आणि बाईंनी तुम्हाला ओळखलं," बाबू पुढचं टोकन घेत म्हणाला, "तर बघू."