अप्पांची तिथी

धारवाडच्या सप्तापूरचे निवृत्त प्राध्यापक अ‍ॅरन नागावकर गेले त्याला २००६च्या मे महिन्यात वर्ष होत आलं. अंत्यविधीला पोचू न शकलेले दोघे मुलगे या वेळी सवड काढून आले आणि पुण्यतिथीचा दिवा कधी लावायचा यावरून हमरीतुमरीवर आले. ज्यू धर्मात तिथी सूर्यास्ताला बदलते आणि दाखल्यावर मृत्यूची वेळ होती संध्याकाळी सात.

एलिझरने ठाण्याहून आणलेलं कॅलेंडर पुढे केलं. "सूर्यास्त सात वाजून आठ मिनिटांनी. म्हणजे अप्पा आदल्या तिथीला गेले."

"ते ठाण्याचं. धारवाडात सूर्य सात वाजायच्या आधीच मावळतो," डॅनियल लॅपटॉपवर बोट ठेवून म्हणाला. "पुढची तिथी धर. धर्मात पाच मिनिटांचीही ढिलाई चालत नाही."

अप्पांना शेवटची चार वर्षं सांभाळणारी या दोघांची थोरली बहीण मिरियमअक्का शेजारीच बसली होती. तिला कुणी काही विचारलं नव्हतं.

 

"सातला डॉक्टर आले, म्हणून त्यांनी ती वेळ लिहिली," ती म्हणाली. "अप्पा दुपारी चारलाच गेले. मधले तीन तास मी तुम्हा दोघांना फोन लावत होते."