एका रात्रीचा मुक्काम

"एका रात्रीचे साडेचार हजार," मरीनाचा, म्हणजे खासगी बोटींच्या धक्क्याचा, माणूस म्हणाला, तशी नीलांबरीनं नवऱ्याकडे पाहिलं. निवृत्तीनंतर दोघं आपल्या छोट्या शिडाच्या बोटीतून मुंबईहून गोव्याला निघाली होती, आणि एवढ्या पैशांत त्यांचा पंधरवड्याचा किराणा आला असता. त्यांनी बोट वळवून शेजारच्या कोळीवाड्याच्या धक्क्याला आणली.

धक्क्यावर मासळी निवडत बसलेल्या चांगुणाबाईंनी हात करून बोलावलं. "बांधा आमच्याच होडीला."

"भाडं किती द्यायचं?" नीलांबरीनं भीतभीत विचारलं.

चांगुणाबाई जरा लाजल्या. "सकाली मला समुद्रात फिरवून आना. चालीस वर्सं मासली इकते, पन आमच्यात बाया होडीवर जात नाय."

सकाळी बंदराबाहेर पडताच शिडात वारा भरला. नीलांबरीनं सुकाणू चांगुणाबाईंच्या हाती दिलं. आधी त्या ते घट्ट धरून बसल्या, मग हसू लागल्या, आणि परत फिरायचं नावच घेईनात. नीलांबरीनंही आठवण करून दिली नाही.

दुपारी धक्क्यावर चांगुणाबाईंचा नवरा कपाळाला आठ्या घालून उभा होता. चांगुणाबाईंनी उतरता उतरता बोटीचा दोर त्याच्या हातात ठेवला.

"नीट बांधा," त्या म्हणाल्या. "पाव्हनी उद्या पन ऱ्हानार हायेत."