दुरुस्तीस अयोग्य

करुणाने संगणक कक्षातच उभ्याने कागद वाचला आणि सही न करता टेबलावर परत ठेवला.

‘संगणक कक्षातील बाराही संगणक बंद, दुरुस्तीस अयोग्य,’ असं त्यावर टाइप केलेलं होतं. खाली मुख्याध्यापकांची सही झाली होती. शेजारची जागा संगणक शिक्षिकेसाठी, म्हणजे तिच्यासाठी, मोकळी होती. भंगाराचा टेम्पो फाटकात उभा होता.

“काहून थांबल्या बाई?” संस्थेचे सचिव हरिचंदराव म्हणाले. “गेल्या साली तुमीच तक्रार केली होती ना?”

“व्हय. लई हळू चालतात असं लिहिलं होतं. मेलेत असं न्हाई लिहिलं.”

“बटन दाबून चहा पिऊन आलं तरी चालू होत न्हाईत. कशाला ठेवायचे? रोडच्या कडेची खोली हाय. मस्त दोन गाळे निघतात.”

मुख्याध्यापक खिडकीबाहेर बघत राहिले.

करुणाने पर्समधून स्क्रू ड्रायव्हर काढला. पहिल्या संगणकाची वायर उपसली, डबा आडवा केला आणि झाकण उघडलं. आत बोटभर धूळ होती. ती फुंकरीने उडाली तसे हरिचंदराव खुर्चीसकट मागे सरकले.

“हे काय चालवलंय?”

“दहा मिनिटं द्या, साहेब.”

जवळा बाजार गावात टीव्ही-संगणक दुरुस्त करणाऱ्या मकबूलचाचांच्या दुकानात तिने लागोपाठ तीन रविवार काढले होते. तिने आधी जुनी हार्ड डिस्क सोडवली. मग पर्समधून आणलेली एसएसडी, तळहाताहून लहान, पातळ अशी नव्या तऱ्हेची डिस्क, त्याच वायरींना जोडली. संगणक चालू व्हायला लागतं ते सगळं चाचांनी त्या डिस्कवर आधीच भरून दिलं होतं. शेवटी रॅमची नवी पट्टी खाचेत बसवून अंगठ्याने दाबली. टक् आवाज झाला.

“जुनी डिस्क गरगर फिरून एकेक गोष्ट हुडकते. त्यातच येळ जातो,” ती म्हणाली. “हिच्यात फिरणारं कायीच न्हाई. नव्या एका संगणकाच्या पैशात आपले बाराही असे होतात.”

“इंजिनिअर झाल्या का तुमी?”

“न्हाई. शिकून आले.”

आठवीच्या मुली खिडकीशी जमल्या होत्या. करुणाने वायर परत जोडली आणि बटन दाबलं. समरीनने सवयीने मोजायला सुरुवात केली. वर्गात त्या रोज असंच मोजायच्या आणि तीनशेच्या पुढे कंटाळून सोडून द्यायच्या. आता बाकीच्यांनीही सूर धरला. सतरा. अठरा. एकोणीस.

विसाला पडदा उजळला.

मुलींचा असा काही गलका झाला, की शेजारच्या वर्गातून शिक्षक बाहेर आले. समरीन कोणाला न विचारता आत आली, खुर्चीत बसली आणि पडद्यावर एका दमात स्वतःचं पूर्ण नाव टाइप करून मोकळी झाली.

हरिचंदराव उठले. “एक चालू झाला म्हणून संस्थेचा ठराव बदलत न्हाई, बाई. तुमी सही करा.”

करुणाने कागद ओढला. ‘बाराही संगणक बंद’ या शब्दांवर आडवी रेघ मारली. बाजूला लिहिलं, ‘एक चालू केला. उरलेले तपासल्याशिवाय भंगारात देण्यास माझी संमती नाही.’ खाली पूर्ण नाव लिहून सही केली, तारीख टाकली आणि कागद त्यांच्यासमोर धरला.

“तुमी कंत्राटी हायेत, हे ध्यानात हाय ना?” हरिचंदराव हळू आवाजात म्हणाले. “जूनमध्ये नेमणुकीची ऑर्डर आमालाच काढायची असती.”

“हाय ध्यानात.”

त्यांनी कागद घेतला नाही. ते तरातरा फाटकाकडे गेले, टेम्पोवाल्याशी दोन शब्द बोलले. टेम्पो रिकामाच रस्त्याला लागला.

मुख्याध्यापकांनी कपाळ पुसलं. मुली ऐकत आहेत हे पाहून ते तिच्याजवळ आले.

“बाई, निदान जूनचा तरी विचार करायचा.”

करुणाने दुसरा डबा पुढ्यात ओढला होता.

“जूनचाच विचार करून राहिले, सर,” स्क्रू फिरवता फिरवता ती म्हणाली. “तवापर्यंत अजून अकरा उघडायचेत.”